नाकाचा पडदा वाकडा असताना वैमानिकाच्या मेडिकलची तयारी कशी करावी

‘नाकाचे हाड वाढले आहे’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा वाढलेले काहीच नसते. दोन्ही नाकपुड्यांच्या मधला पडदा पुढे कूर्चेचा आणि मागे पातळ हाडाचा असतो, आणि तो एका बाजूला झुकला की त्या बाजूची वाट अरुंद होते. अगदी सरळ पडदा असलेली माणसे थोडीच सापडतील. म्हणून वैमानिक होऊ पाहणाऱ्याने तपासणीत हा शेरा वाचून लगेच शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नये.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या वैद्यकीय निकषांत पडदा सरळ असावा अशी अट नाही. सुरक्षित उड्डाणात बाधा येईल असा नाकातील अडथळा नसावा आणि मध्यकर्ण घशाशी जोडणाऱ्या युस्टेशियन नलिकेच्या कामात लक्षणीय बिघाड नसावा, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. म्हणजे परीक्षकासमोरचा खरा प्रश्न पडदा किती वाकडा आहे हा नसून, हवा पुरेशी आत जाते का आणि विमान खाली उतरताना कान मोकळे होतात का, हा आहे.

या दुसऱ्या प्रश्नाकडे उमेदवारांचे सर्वांत कमी लक्ष असते. विमान वर चढते तेव्हा कानाच्या पडद्यामागची हवा प्रसरण पावून नलिकेतून आपोआप बाहेर पडते. खाली येताना मात्र बाहेरचा दाब वाढतो आणि गिळून, जांभई देऊन किंवा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकून नलिका मुद्दाम उघडावी लागते. नलिकेचे तोंड नाकाच्या मागच्या भागात असल्यामुळे तेथे सूज असेल तर नलिका चिकटून राहते. दाबातील फरक पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरांपर्यंत गेला, म्हणजे जमिनीजवळच्या उंचीत साधारण ३,००० फूट उतरेपर्यंत कान एकदाही उघडला नाही, तर पुढे कितीही जोर लावला तरी तो उघडेलच असे नाही. प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये दाब राखलेला असतो; बारामती किंवा गोंदियाला ज्या छोट्या विमानांवर विद्यार्थी शिकतात त्यांत ही सोय नसते, त्यामुळे दाबातील सगळा फरक थेट कानावर येतो. सायनसची, म्हणजे कपाळ-गालांच्या हाडांतील हवेच्या पोकळ्यांची, तोंडे बंद असतील तर हाच प्रकार कपाळात होतो, आणि धावपट्टीकडे येताना भुवईच्या वर सुरी खुपसल्यासारखी कळ उठते.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर स्टीलचे थंड ताट नाकाखाली आडवे धरून तोंड मिटून सावकाश श्वास सोडावा आणि उमटलेले वाफेचे दोन ठसे पाहावेत. एक ठसा फारच लहान असेल तर ती बाजू चोंदलेली आहे. मात्र निरोगी माणसाच्याही नाकपुड्या काही तासांच्या अंतराने आळीपाळीने थोड्या बंद-उघड होत असतात, म्हणून हा प्रयोग दोन-तीन दिवस निरनिराळ्या वेळी करावा. ठसा कायम एकाच बाजूला लहान राहत असेल तरच त्याला अर्थ आहे.

त्यानंतर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे आणि वैमानिक व्हायचे असल्याचे त्यांना पहिल्याच भेटीत सांगावे. दुर्बिणीने नाकाची तपासणी होते, सायनसचा त्रास असेल तर सीटी स्कॅन काढला जातो. नाक चोंदण्याचे मूळ अनेकदा पडद्यात नसून धुळीच्या अ‍ॅलर्जीत असते, आणि ती असताना केवळ पडदा सरळ केला तर नाक पुन्हा चोंदते. अ‍ॅलर्जीवर स्टेरॉइडचा नाकातील फवारा काही आठवडे नियमित वापरून पाहणे हा योग्य आरंभ होय. दुकानातून परस्पर आणलेले नाक मोकळे करणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत. त्यांनीच नाक पुन्हा चोंदू लागते. सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या घेऊन उड्डाण करणे तर सर्वथा वर्ज्य आहे.

औषधांनी फरक पडत नसेल, सायनसचा संसर्ग वारंवार होत असेल किंवा कान उघडत नसेल, तर सेप्टोप्लास्टी, म्हणजे पडदा सरळ करण्याची शस्त्रक्रिया, करणे रास्त ठरते. चेहऱ्यावर चीर न देता नाकाच्या आतून वाकडा भाग सरळ केला जातो किंवा काढला जातो. पडदा झुकला आहे त्याच्या विरुद्ध बाजूचा फुगलेला टर्बिनेट (नाकाच्या आतल्या भिंतीवरचा मांसल उंचवटा) त्याच वेळी लहान करावा लागू शकतो. रक्तस्राव, पडद्याला छिद्र पडणे, आतील भाग एकमेकांना चिकटणे हे धोके थोडे असले तरी आहेत. पहिले दोन आठवडे नाक शिंकरू नये, शिंक तोंड उघडे ठेवून द्यावी, जड वजन उचलू नये. नाक धुण्यासाठी उकळून गार केलेले पाणीच वापरावे, नळाचे नाही.

वेळेच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: शस्त्रक्रिया करायचीच असेल तर ती डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) क्लास टू मेडिकलच्या, म्हणजे उमेदवाराच्या पहिल्या वैद्यकीय तपासणीच्या, बरीच आधी करावी. खपल्या आणि सूज असलेले नाक घेऊन गेल्यास तात्पुरते अपात्र ठरण्याची शक्यता असते, आणि मग फेरतपासणीचा फेरा मागे लागतो. जखम भरायला काही आठवडे, तर ऊती पूर्ण स्थिरावायला तीन ते सहा महिने लागू शकतात. शस्त्रक्रियेची नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि ‘श्वसनमार्ग मोकळा, दोन्ही कान समान उघडतात’ अशा स्पष्ट शब्दांतील तज्ज्ञांचे प्रमाणपत्र सोबत ठेवावे. अर्जात पूर्वीची शस्त्रक्रिया लपवू नये. बऱ्या झालेल्या नाकापेक्षा खोटी माहितीच परवान्याला जास्त घातक ठरते.

पात्र ठरल्यानंतरही सर्दी असताना उडू नये. पहिल्या उड्डाणांत उतरताना कान दुखण्याची वाट न पाहता सुरुवातीपासूनच वरचेवर गिळत राहावे, आणि एखादा कान अडकलाच तर जोराने फुंकण्याऐवजी प्रशिक्षकाला सांगून, हवाई नियंत्रकाची परवानगी घेऊन, थोडे वर चढावे, कान मोकळा करावा आणि मग अधिक सावकाश खाली यावे.