संस्थांच्या अनुदानावर नागरिकांचं मत घेताना या चुका टाळा

सूचना मागवल्या, जाहीर सूचना काढली, सभाही घेतली, तरी अनुदानाची यादी लागली की लोक म्हणतातच, "हे तर आधीच ठरलं होतं." ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते. कुणी लबाडी केलेली नसते, पण मत विचारलं तेव्हा ठरवण्यासारखं काही उरलेलंच नसतं. बाकीच्या बऱ्याच चुका याच मुळातून फुटतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

निकष ठरल्यावर मत विचारणं

अनुदान वाटपातले खरे निर्णय पाचच असतात. एकूण रकमेतून कोणत्या कामांना किती, पात्र कोण, एका संस्थेला जास्तीत जास्त किती, गुण कशाला किती आणि पैसे आगाऊ द्यायचे की खर्च झाल्यावर. अर्ज मागवणारी जाहिरात निघाली की हे पाचही दरवाजे बंद होतात. त्यानंतर नागरिकांपुढे अर्जांची यादी ठेवली, तर बोलायला एकच विषय उरतो: ही संस्था चांगली की ती. सभेत मग आपल्या संस्थेची स्तुती आणि दुसरीची उणीदुणी यापलीकडे काही निघत नाही.

१९८५ साली लंडनमधल्या ब्रेंट पालिकेविरुद्धच्या गनिंग खटल्यात सार्वजनिक सल्लामसलतीच्या चार कसोट्या मांडल्या गेल्या. प्रस्ताव अजून घडत असताना विचारावं, विचार करून उत्तर देता येईल एवढी कारणं सांगावीत, पुरेसा वेळ द्यावा आणि आलेली मतं निर्णयापूर्वी मनापासून विचारात घ्यावीत. खटला शाळांचा होता, पण अनुदानाला या कसोट्या तंतोतंत लागू पडतात. २०१४ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही लंडनमधल्याच हॅरिंगे पालिकेच्या प्रकरणात त्या उचलून धरल्या. तिथली सल्लामसलत अवैध ठरली, कारण पालिकेने विचार करून बाजूला ठेवलेले पर्याय लोकांना सांगितलेच नव्हते. तेव्हा निकषांच्या मसुद्यात 'आम्ही हे सुचवतो' एवढंच लिहू नका. 'हे दोन पर्याय का नाकारले' हेही लिहा. लोक नेमकं त्याच परिच्छेदाला उत्तर देतात.

वेळापत्रक उलट्या बाजूने मोजा. निकष मंजूर करणाऱ्या सभेआधी २ आठवडे उत्तरांचा तक्ता, म्हणजे कोणत्या मतावर काय ठरवलं आणि का, प्रसिद्ध झालेला हवा. त्याआधी ३ आठवडे मतांच्या छाननीला, त्याआधी ६ आठवडे मतं देण्याची मुदत आणि त्याआधी २ आठवडे मसुदा, भाषांतर, सभांच्या जागा यांची तयारी. म्हणजे सभेच्या १३ आठवडे आधी काम सुरू. मुदत ६ आठवड्यांहून कमी करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण लहान संस्थांची कार्यकारिणी बहुधा महिन्यातून एकदा बसते. मुदत ३ आठवड्यांची ठेवली तर अनेक संस्थांची बैठक मधे येतच नाही आणि अध्यक्ष किंवा सचिव एकट्याने स्वतःच्या मनचं लिहून मोकळे होतात.

मुदत खरोखर हातातून गेली असेल तर यंदाच्या अर्जांवर मत विचारूच नका. पुढच्या वर्षीच्या निकषांवर विचारा आणि तसं स्पष्ट लिहा. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ साली सुरू झालेल्या सहभागी अंदाजपत्रकात, म्हणजे पालिकेचा पैसा कुठे खर्चायचा हे नागरिकांनी ठरवायच्या पद्धतीत, वाटपाचे नियमही दरवर्षी फेरविचारासाठी खुले केले जात. नियम बदलता येतात हे दिसलं की लोक पुन्हा येतात.

ज्यांचं उत्तर 'हो'च असणार असे प्रश्न

"कला आणि क्रीडा संस्थांना अधिक साहाय्य मिळावं का?" या प्रश्नात दोन दोष आहेत. दोन विषय एकत्र बांधले आहेत, त्यामुळे ज्याला एकच हवा त्याने काय उत्तर द्यावं? आणि 'अधिक' कुठून काढायचं हे विचारलेलंच नाही. अशा प्रश्नावलीतून सगळ्याच विषयांना भरघोस पाठिंबा मिळतो आणि वाटप करणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

त्याऐवजी १०० गुण द्या आणि ते ५ ते ७ विषयांत वाटायला सांगा. शेजारी गेल्या वर्षीचं प्रत्यक्ष वाटप त्याच १०० च्या प्रमाणात छापा. एका विषयाला वाढवायचं तर दुसऱ्याचं कमी करावं लागतं, हे मग सांगावं लागत नाही. कागदावर बेरीज चुकते, म्हणून सभेत प्रत्येकाला १० टिकल्या किंवा बिया देऊन डब्यांत टाकायला सांगणं सोपं जातं. निरक्षर माणसालाही ते जमतं.

प्रश्नावली १० ते १२ प्रश्नांची ठेवा. निकष समजावणारा मजकूर एका पानाचा, सोप्या भाषेत. मसुदा ५ जणांना, त्यातल्या दोघांना तरी अनुदानाचा काहीही अनुभव नसावा, मोठ्याने वाचायला लावा. ते अडखळतात ती वाक्यं बदला.

अर्ज केला त्यांनाच विचारणं

पत्त्यांची यादी हाताशी असते, म्हणून निरोप गेल्या वर्षीच्या अर्जदारांना जातो. पण प्रक्रियेतला दोष त्यांना दिसत नाही. ते तर ती पार करून आलेले असतात. दोष ठाऊक असतो तो अर्ज उघडून सोडून देणाऱ्यांना. ऑनलाइन अर्जप्रणालीत अर्धवट राहिलेले अर्ज साठलेले असतात. त्या संस्थांना फोन करून एकच प्रश्न विचारा: कोणत्या पानावर थांबलात? १५ फोन पुष्कळ झाले.

उत्तरं साधारण ठरलेली असतात. लेखापरीक्षित हिशेब मागितला, पण लेखापरीक्षकाची फीच मागायच्या रकमेच्या तोडीची. खर्च आधी करा, पावत्या द्या, मग पैसे मिळतील अशी अट, आणि संस्थेच्या खात्यात तेवढी शिल्लक नाही. नोंदणीला ३ वर्षं पूर्ण हवीत. लहान रकमेलाही मोठ्या रकमेएवढीच कागदपत्रं. यातली प्रत्येक अट कधीतरी योग्य कारणासाठी घातलेली असते. म्हणून ती सरसकट काढू नका, रकमेनुसार पायऱ्या करा: लहान रकमेसाठी दोन पानांचा अर्ज, बँकेचं विवरण आणि सही केलेला जमाखर्च, लेखापरीक्षण फक्त मोठ्या रकमेला. अनौपचारिक गटाच्या वतीने नोंदणीकृत संस्थेने पैसे सांभाळायची सोय ठेवली, तर नोंदणीची अडचणही सुटते.

शंभर सारखी पत्रं आणि टक्केवारी

मोठी सभासदसंख्या असलेली संस्था एकच मजकूर छापून शंभर सह्या पाठवते. ही पत्रं फेकून देणं चूक आणि शंभर स्वतंत्र मतं म्हणून मोजणं ही त्याहून मोठी चूक. नोंद अशी करा: मुद्दा एक, पाठिंबा देणारे शंभर. कुणी छापील मजकुराखाली स्वतःचं वाक्य लिहिलं असेल, तर ते वेगळं वाचा.

प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर विचारा: तुम्ही अनुदान मागणाऱ्या संस्थेत आहात, तिच्या सेवेचा लाभ घेता, की दोन्ही नाही? निकाल या तिन्ही गटांचे वेगवेगळे मांडा. 'शहरातल्या ७० टक्के लोकांना हवं' असं वाक्य अहवालात येऊ देऊ नका. ज्यांनी स्वतःहून फॉर्म भरला, ते शहराचा नमुना नव्हेत. आकडा हजारांत गेला तरी हा दोष जात नाही आणि 'अधिक-उणे ३ टक्के' अशी त्रुटीची मर्यादा त्यावर लावता येत नाही. '४१२ प्रतिसादांपैकी २८८' असं लिहिणं प्रामाणिक ठरतं.

थेट मतदानाने वाटप

मतदान उत्साहाचं असतं, पण मोजण्याची पद्धत चुकली तर बहुमत सगळं घेऊन जातं. मानूया, मतदार १०० आणि निधी १०० एकक. ६० जणांना मैदानावरचे तीन प्रस्ताव पसंत, प्रत्येकी ३० एककांचे. ४० जणांना ज्येष्ठांसाठीचे दोन पसंत, प्रत्येकी २० एककांचे. सर्वाधिक मतांपासून खाली उतरत गेलं तर मैदानाचे तिन्ही मंजूर, ९० एकक खर्च, उरलेल्या १० मध्ये काहीच बसत नाही. ४० टक्के मतदारांच्या हाती शून्य.

समान वाटा पद्धतीत प्रत्येक मतदाराच्या नावे निधीचा सारखा हिस्सा, इथे १ एकक, ठेवतात. प्रस्तावाचा खर्च त्याच्या पाठीराख्यांच्या हिश्श्यांतून वजा होतो. ६० जणांच्या ६० एककांत मैदानाचे दोन प्रस्ताव, ४० जणांच्या ४० एककांत ज्येष्ठांचे दोन्ही. निधी तेवढाच, आणि वगळला कुणीच जात नाही. पोलंडमधल्या विएलिच्का आणि स्वित्झर्लंडमधल्या आराऊ या शहरांनी २०२३ साली ही पद्धत प्रत्यक्ष वापरली. गणित संगणक करतो. नागरिकांनी फक्त पसंतीच्या प्रस्तावांवर खूण करायची किंवा त्यांना गुण द्यायचे असतात.

काही कामं मात्र मतदानाला लावूच नयेत. घरगुती हिंसेतून बाहेर पडलेल्यांचा निवारा, व्यसनमुक्ती गट, मानसिक आजाराच्या रुग्णांचे मदतगट. यांचे लाभार्थी रस्त्यावर येऊन मतं मागू शकत नाहीत, मागूही नयेत. त्यांच्यासाठी रकमेचा एक भाग आधीच बाजूला काढा आणि तो जाणकारांच्या गुणांकनाने द्या. निवाऱ्याचा पत्ता किंवा लाभार्थ्याची ओळख पटेल असा तपशील कुठल्याही जाहीर सारांशात जाता कामा नये. हे तपासायचं काम एका नेमलेल्या माणसाकडेच ठेवा. 'सगळे बघतील' म्हटलं की कुणीच बघत नाही.

सभा

व्यासपीठ, ध्वनिक्षेपक आणि प्रत्येकाला २ मिनिटं, यात बोलणारे नेहमीचेच पाच-सहा. ६ ते ८ जणांची टेबलं लावा, प्रत्येक टेबलाला एक टिपणकार द्या. टिपण बोलणाऱ्याच्याच शब्दांत घ्या आणि उठण्यापूर्वी वाचून दाखवा. एक सभा संध्याकाळी, एक सुट्टीच्या दिवशी, आणि निदान एक संस्थांच्याच जागेत. निवड समितीतला कुणी अर्जदार संस्थेशी संबंधित असेल तर त्या अर्जाच्या वेळी त्याने खोलीबाहेर जावं आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. गप्प बसणं पुरेसं नाही.

मतं वाचली, पण कुठे गेली ते कळलं नाही

प्रत्येक प्रतिसादाला क्रमांक द्या. पहिले ५० प्रतिसाद दोघांनी स्वतंत्रपणे वाचून मुद्द्यांची वर्गवारी करावी, मग दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात. फरक पडला की वर्गाची व्याख्याच संदिग्ध असल्याचं कळतं. ती दुरुस्त करून मगच उरलेले वाटून घ्या. शेवटी तीन रकान्यांचा तक्ता: काय म्हणणं आलं, काय ठरवलं, का. न स्वीकारलेल्या सूचनांची कारणं सर्वांत काळजीपूर्वक लिहा. 'नोंद घेतली' हे कारण होत नाही. 'खर्चापूर्वी संपूर्ण रक्कम देण्याची सूचना मान्य नाही, कारण काम न झाल्यास वसुली अवघड. मात्र ५० टक्के आगाऊ देण्यात येतील' हे कारण झालं.

मुदत अर्धी सरली आणि प्रतिसाद वीसच

मुदत वाढवण्याआधी कारण शोधा. दुवा उघडणारे बरेच आणि भरणारे थोडे असतील, तर फॉर्म लांब किंवा अवघड आहे. सक्तीचे प्रश्न कमी करा. दुवाच कुणी उघडला नसेल, तर निरोप पोचलेला नाही. आणखी पत्रकं न छापता वाचनालय, दवाखाना, शाळेचं फाटक अशा ठिकाणी कागदी फॉर्म घेऊन माणूस उभा करा. एकाच वस्तीतून सगळे प्रतिसाद येत असतील, तर बाकी ठिकाणी स्वतः जा आणि अहवालात ही तफावत लिहा. फॉर्म मधेच बदलला, तर बदलाआधीचे आणि नंतरचे प्रतिसाद वेगळे मोजा.

मत देणाऱ्यांसाठी

'अमुक संस्था फार चांगलं काम करते' या वाक्याचं छाननीत काहीही करता येत नाही. निकषाचा क्रमांक लिहा, अडणारे शब्द उद्धृत करा, त्यांच्या जागी हवे ते शब्द द्या आणि त्याने कोणावर काय परिणाम होईल ते दोन ओळींत सांगा. उदाहरणार्थ: 'निकष ४ मधील "३ वर्षांची नोंदणी" ऐवजी "१ वर्षाचं प्रत्यक्ष काम, दोन बाहेरच्या व्यक्तींच्या पत्रासह" असावं, त्यामुळे आमच्या भागातला नवा पालकगट पात्र ठरेल.' अर्जदार संस्थेशी नातं असेल तर ते पहिल्याच ओळीत लिहा. पोच मागून घ्या आणि तक्ता प्रसिद्ध झाल्यावर आपल्या क्रमांकासमोर काय लिहिलंय ते पाहा. काहीच नसेल तर निकष मंजूर होण्याच्या सभेआधी लेखी विचारा. मधले २ आठवडे त्यासाठीच ठेवलेले असतात.