भाषा कळत नसलेल्या कुटुंबाशी बोलायचं कसं? (अंगणवाडी, आशा आणि मदतीला जाणाऱ्या सगळ्यांसाठी)

आपल्या सांगली-मिरजेकडं हे रोजचंच आहे, कुपवाड एमआयडीसीत बिहार-यूपीची कुटुंबं, वीटभट्टीवर विजापूरकडची माणसं, आणि जतच्या पूर्व भागात तर आपल्याच जिल्ह्यातल्या कितीतरी घरात कन्नडच बोलतात. मग आपण काय करतो, जो मराठी बोलतो त्याला धरतो, आणि तो बहुतेक वेळा नवरा असतो नाहीतर शाळेत जाणारं पोरगं. इथंच घोळ होतो.

नवऱ्यासमोर बाई पाळीचं, मारहाणीचं काही बोलणार नाही. आणि आईच्या अंगावरून जातंय का हे दहा वर्षाच्या पोरीला विचारायला लावायचं म्हणजे अतिच झालं. त्यापेक्षा वस्तीतलीच दुसरी बाई बघा, सासू-जाऊ नको. तिला आधीच सांगा, इथलं बाहेर जायचं नाही आणि पदरचं काही घालायचं नाही. तुम्ही एक-दोन वाक्यं बोला, थांबा, आणि बोलताना तोंड त्या आईकडं ठेवा, नाहीतर त्या दोघींच्याच गप्पा सुरू होतात आणि आपण बाजूला. मारहाणीचा संशय आला तर मात्र वस्तीतली बाई पण मधे घालू नका, १८१ महिला हेल्पलाइनला विचारा.

दुसरं म्हणजे "कळलं का?" विचारू नका. सगळ्या मान डोलावतात, आपण पण डॉक्टरसमोर तेच करतो की! करून दाखवायला लावा. समजा बाळाला जुलाब लागलेत. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकदम टाकायचं असतं, पण बऱ्याच जणी चिमूटभर ग्लासात टाकून बाकीचं गुंडाळून ठेवतात. म्हणून एक लिटरची रिकामी बाटली सोबत न्या, तिच्याच हातानं पाणी भरून पाकीट ओतायला लावा आणि हे उद्या या वेळेपर्यंतच चालतं, मग ओतून द्यायचं, हे हातवाऱ्यानं का होईना सांगा. झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरी. कॅलेंडरवर १४ घरांना पेननं गोल करून द्या, रोज एक खोडायचा.

लसीचं कार्ड हिंदीत असो नाहीतर कर्नाटकातलं तायी कार्ड (आई-बाळाचं कार्ड) असो, घाबरू नका, बीसीजी, पेंटा ही नावं सगळीकडं तीच, तारखा बघितल्या की राहिलेला डोस कळतो. "तुमच्या गावाकडनं आणा" म्हणून परत पाठवू नका, लस कुठल्याही राज्यातल्या बाळाला इथं मिळते. अंगणवाडीची नोंद गावाकडं असेल तर पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपमधून बदलून घेता येते, आईचं आधार तेवढं मागा.

मोबाईलचं ट्रान्सलेट ॲप चालतं, पण वेळ, पत्ता असल्या साध्या गोष्टीला, आणि छोटी वाक्यं बोलली तरच. औषधाचा डोस त्याच्यावर सोडू नका. भट्टीवर रेंज नसते, हिंदी-कन्नड घरातनंच डाउनलोड करून निघा.