पावसाळी कृषी सल्ला: बुरशीमुळे होणारे फुप्फुसांचे आजार

पावसाची झड लागली की गोठा, खुराडे आणि चाऱ्याची गंजी यांत ओल मुरते, आणि त्या ओलीवर वाढलेल्या बुरशीचे बीजाणू श्वासावाटे कोंबड्या, गुरे, रानातील प्राणी आणि खुद्द शेतकरी यांच्या फुप्फुसांत पोचतात. कोंबड्यांच्या फुप्फुसात एकदा रुजलेल्या बुरशीवर औषधोपचाराचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून ओल हटवणे हाच या आजारावरचा खरा उपाय समजावा.

या आजारांमागे बहुतेक वेळा अॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी असते. तिचे बीजाणू २ ते ३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतके बारीक असल्याने नाकात न अडकता थेट खोलवर जातात, आणि ५० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेतही ती वाढू शकत असल्याने तापलेल्या कंपोस्टच्या ढिगातही तिला आसरा मिळतो. सर्वाधिक धोका कोंबडीच्या लहान पिल्लांना असतो. पक्ष्यांच्या वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांत, हवा खेळती, उबदार आणि ओलसर असते, जी बुरशीला नेमकी हवी असते. पिल्ले चोच उघडी ठेवून धापा टाकतात, पण सर्दीच्या रोगांत ऐकू येते तशी घरघर बहुधा येत नाही. मेलेल्या पिल्लाच्या फुप्फुसांवर पिवळसर-पांढऱ्या गाठी दिसतात. हा आजार एका पक्ष्याकडून दुसऱ्याला होत नाही. त्यामुळे एकाच वेळी अनेक पिल्ले धापा टाकत असतील, तर त्या सर्वांना बाधणारा स्रोत गादीत (खुराड्यात अंथरलेल्या भुशाच्या थरात), खाद्यात किंवा अंडी उबवण्याच्या यंत्रात शोधावा. तडा गेलेली वा घाणेरडी अंडी यंत्रात ठेवू नयेत, कारण बुरशी कवचातूनही आत शिरते.

गादीसाठी वापरायचा भुसा किंवा तूस पूर्ण वाळलेले असावे, आणि पाण्याच्या भांड्याभोवतीची भिजलेली गादी रोजच्या रोज काढावी. बुरशी लागलेले खाद्य उन्हात वाळवून पुन्हा वापरण्याची चूक वारंवार होते, आणि ती महागात पडते: उन्हाने ओल जाते, परंतु बीजाणू आणि बुरशीने सोडलेले विष तसेच राहते. असे खाद्य टाकून द्यावे. साठवणुकीचे धान्य १२ ते १३ टक्क्यांपेक्षा अधिक ओलसर नसावे. गाभण गाईला बुरशीचा चारा मुळीच घालू नये, कारण बीजाणू रक्तावाटे वारेपर्यंत पोचून गर्भपात होऊ शकतो, आणि तो बहुधा गाभणकाळाच्या उत्तरार्धात होतो.

रानातील प्राणीही यातून सुटत नाहीत. बिळे उकरणारे उंदीर मातीतील एका बुरशीचे बीजाणू हुंगतात. हे बीजाणू फुप्फुसात संख्येने न वाढता आकाराने फुगत जाऊन शेकडो मायक्रॉनचे होतात. बेडकांमध्ये काळसर रंगाच्या बुरशींमुळे त्वचेवर आणि फुप्फुसांसह आतील अवयवांत गाठी होतात. १९९९ मध्ये वर्णन झालेली कायट्रिड बुरशी मात्र फुप्फुसाची नव्हे, त्वचेची आहे, तरीही ती अधिक घातक ठरली आहे, कारण बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो आणि क्षारांचा तोलही त्वचेनेच राखतो. पिकावरील किडे खाणारा हा प्राणी बांधावर टिकावा असे मनापासून वाटते. त्यासाठी एका तळ्यातील चिखल लागलेले बूट, जाळी किंवा पंप दुसऱ्या तळ्यात नेण्यापूर्वी धुऊन पूर्ण कोरडे करावेत. खुराडे धुण्यासाठी वापरलेले मोरचूद मिसळलेले पाणी डबक्यात वा ओहोळात सोडू नये. अल्प प्रमाणातही ते बेडकांच्या पिल्लांना मारक असते.

शेवटी शेतकऱ्याच्या स्वतःच्या श्वासाविषयी. बुरशीचा कडबा झटकल्यानंतर किंवा कंपोस्ट चाळल्यानंतर ४ ते ८ तासांनी थंडी, ताप, कोरडा खोकला आणि धाप लागत असेल, तर तो साधा ताप समजून दुर्लक्ष करू नये. ही फुप्फुसाची अॅलर्जी असून वारंवार संपर्क आल्यास फुप्फुसे कायमची कडक होऊ शकतात. असे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, साध्या रुमालाऐवजी एन-९५ मास्क लावून आणि ढिगावर आधी थोडे पाणी शिंपडून करावे. डॉक्टरांकडे गेल्यावर कोणत्या चाऱ्याला वा ढिगाला हात लावला होता, हे आवर्जून सांगावे, कारण नुसत्या लक्षणांवरून या आजाराचे निदान हुकते.