क्लाउडचा माणूस नेमण्याआधी बिल वाचा

क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारी संगणक-यंत्रे आणि साठवण. ते सांभाळणाऱ्या क्लाउड अभियंत्याच्या जागेसाठी जाहिरात काढण्यापूर्वी आपल्या कंपनीचे गेल्या महिन्याचे क्लाउडचे बिल समोर घेऊन बसावे. ॲमेझॉनचे एडब्ल्यूएस, मायक्रोसॉफ्टचे अझूर आणि गुगल क्लाउड या क्लाउड सेवांची तिन्ही नावे जाहिरातीत टाकण्याची पद्धतच पडली आहे. काम मात्र बऱ्याचदा यांपैकी एकावरच चालते आणि नेमके काय येणारा माणूस हवा, हे बिलातील ओळींवरून कळते.

एडब्ल्यूएसचे उदाहरण घेऊ. बिलात ईसीटू असेल तर ते भाड्याने घेतलेले यंत्र समजावे. त्यावरील ऑपरेटिंग सिस्टीम अद्ययावत ठेवण्याचे काम भाडेकरूचे, म्हणजे आपले असते. आरडीएस ही डेटाबेसची सेवा. तिच्यात यंत्राची आणि ऑपरेटिंग सिस्टीमची देखभाल ॲमेझॉन करते, परंतु प्रवेश कोणाला द्यायचा आणि एखादी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेली माहिती, का रेंगाळते, हे आपल्यालाच पाहावे लागते. एसथ्री हे फायलींचे कोठार. बहुतेक खर्च ईसीटूवर होत असेल, तर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये मुरलेला माणूस शोधावा. यंत्र सांभाळायला न लावता फक्त आपला कोड चालवून देणाऱ्या लॅम्डासारख्या सेवांवर होत असेल, तर उत्तम कोड लिहिणारा.

प्रमाणपत्रे जरूर पाहावीत, पण मुलाखतीचा वेळ त्यांवर घालवू नये. त्याऐवजी विचारावे, ‘ईसीटूचे यंत्र महिनाभर बंद होते, तरी बिल का आले?’ ज्याने हे काम खरोखर केले आहे, तो फार विचार न करता सांगेल की यंत्र थांबवले तरी त्याला जोडलेल्या ईबीएस डिस्कचे आणि राखून ठेवलेल्या आयपी पत्त्याचे भाडे चालूच राहते. प्रश्न विचारणाऱ्याला तांत्रिक ज्ञान नसले तरी हे उत्तर पडताळता येते, कारण त्या दोन्ही ओळी बिलात छापलेल्या असतात.

दुसरा प्रश्न बिघाडाचा. एडब्ल्यूएसचा मुंबई विभाग २०१६ मध्ये सुरू झाला आणि आज त्यात तीन स्वतंत्र झोन, म्हणजे एकमेकांपासून वेगळी ठेवलेली डेटा सेंटर्स, आहेत. त्यांपैकी आपला सर्व्हर असलेला झोन बंद पडला तर काय कराल, असे विचारून शांतपणे ऐकावे. ‘बॅकअप आहे’ एवढ्यावर थांबणाऱ्याला, तो बॅकअप शेवटचा कधी परत उतरवून पाहिला आणि त्याला किती वेळ लागला, हे विचारावे. माझ्या अनुभवात बरेच उमेदवार इथेच अडखळतात. जे आपली फजिती मोकळेपणाने सांगतात, त्यांना मी झुकते माप देतो.

निवड झाल्यावर रूट खात्याचा, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, पासवर्ड नव्या माणसाच्या हाती देऊ नये. आयएएम या एडब्ल्यूएसच्या अधिकार-वाटप सेवेतून कामापुरते अधिकार असलेले वेगळे खाते उघडून द्यावे आणि आधीच्या कर्मचाऱ्याच्या ॲक्सेस की, म्हणजे प्रोग्रॅममधून खात्यात शिरण्याच्या किल्ल्या, त्याच दिवशी रद्द कराव्यात. ‘रूट खाते सध्या कोणाकडे आहे?’ असे उमेदवारानेच मुलाखतीत विचारले, तर त्याला आणखी एक गुण द्यायला हरकत नाही.