सरकारी संकेतस्थळावर घुसवलेली जुगाराची पाने कशी शोधावीत आणि कशी काढावीत

मे 2024 मध्ये बिहार, गोवा, कर्नाटक, केरळ, मिझोराम आणि तेलंगणा या राज्यांच्या शासकीय संकेतस्थळांवरचे सुमारे चार डझन दुवे वाचकाला ऑनलाइन सट्ट्याच्या पानांवर नेत असल्याचे उघडकीस आले; त्यांत पोलीस आणि मालमत्ता कर विभागांचे दुवेही होते. इंडोनेशियात हा प्रकार त्याहून जुना आणि मोठ्या प्रमाणावर चालणारा आहे. जुगाराला तिथे कायद्याने बंदी आहे, त्यामुळे उघड जाहिरात करता न येणाऱ्या टोळ्या सरकारी आणि विद्यापीठीय संकेतस्थळांत घुसून आपली पाने तिथे उभी करतात. भारतातही संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे आणि त्यांच्या जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कारावास व 50 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. जाहिरातीची उघड दारे बंद झाल्यावर शासकीय पत्त्याचे मोल या टोळ्यांच्या दृष्टीने वाढणार, असे मला वाटते. गुगल अशा जुन्या, ठिकठिकाणांहून जोडल्या गेलेल्या पत्त्यावरील नवे पान चटकन वर आणते आणि वाचकही त्या पत्त्यावर विश्वास ठेवतो. नगरपरिषद, जिल्हा परिषद किंवा शासकीय महाविद्यालयाचे संकेतस्थळ ज्यांच्याकडे सोपवलेले आहे, त्यांच्यासाठी पुढील पद्धत लिहिली आहे.

तपासणीची सुरुवात आपले मुख्यपृष्ठ उघडून करू नये. घुसखोराने ठेवलेला प्रोग्राम पान मागणारा कोण आहे हे आधी पाहतो: गुगलचा यंत्र-वाचक आला तर त्याला जुगाराचा मजकूर देतो, गुगलच्या निकालावरून कोणी आला तर त्याला सट्ट्याच्या पानाकडे वळवतो आणि पत्ता टाइप करून आलेल्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या सूचना व निविदा दाखवतो. ‘आमच्याकडे तर सगळे व्यवस्थित दिसते’ हे उत्तर त्यामुळे तपासणी म्हणून ग्राह्य धरता येत नाही. गुगलच्या शोधपेटीत रोमन लिपीत ‘साइट’ हा शब्द लिहून कोलन द्यावा, जागा न सोडता आपल्या संकेतस्थळाचा पत्ता लिहावा आणि पुढे एकेक शब्द घालून पाहावा: बेटिंग, कॅसिनो, रमी, सट्टा, स्लॉट, तसेच ‘गाचोर’, ‘तोगेल’ आणि ‘जुडी’ हे इंडोनेशियन शब्दही. भारतीय संकेतस्थळावर इंडोनेशियन शब्द कशाला शोधायचे, असे कोणाला वाटेल. परंतु या टोळ्यांना पत्ता कोणत्या देशाचा आहे याच्याशी कर्तव्य नसते, तो शासकीय असला म्हणजे पुरते. एकूण किती पाने गुगलकडे नोंदली गेली आहेत हेही पाहावे. दोन-तीनशे पानांच्या संकेतस्थळाची हजारो पाने दिसू लागली, तर शब्द सापडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

यानंतर गुगल सर्च कन्सोल उघडावे. कार्यालयाने त्यात कधीच नोंदणी केली नसेल तर ती आजच करावी, कारण ही सेवा विनामूल्य आहे आणि गुगलला आपले पान नेमके कसे दिसले ते तिथल्या पत्ता-तपासणीत वाचता येते. तिथे तीन ठिकाणे पाहावीत: सुरक्षेविषयीचे इशारे, दाखल केलेल्या साइटमॅपची (संकेतस्थळावरील पानांच्या पत्त्यांची जंत्री असलेल्या फाइलींची) यादी आणि मालकांची यादी. या शेवटच्या यादीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. घुसखोर सर्व्हरवर पडताळणीची एक छोटी फाइल ठेवून स्वतःला मालक म्हणून नोंदवतो आणि आपल्या बनावट पानांचा साइटमॅप स्वतःच गुगलला सादर करतो. अनोळखी मालकाचे नाव यादीतून काढले, पण त्याची पडताळणीची फाइल सर्व्हरवर तशीच राहिली, तर तो पुन्हा मालक होऊ शकतो; म्हणून दोन्ही काढावे लागतात.

पाने सापडल्यावर ती लगेच पुसून टाकण्याचा मोह होतो, तो आवरावा. आधी पुरावा जपावा: दिनांक, वेळ आणि पूर्ण पत्ता दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, सर्व्हरची संपूर्ण प्रत आणि सर्व लॉग (कोण केव्हा आले व काय केले याच्या सर्व्हरने आपोआप ठेवलेल्या नोंदी) वेगळ्या जागी उतरवून ठेवावेत, आणि मग संकेतस्थळ काही काळ बंद करून तिथे साधी सूचना लावावी. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. संकेतस्थळात शिरून बाहेरचे दुवे घालण्याचा प्रकार त्या निर्देशांच्या परिशिष्टात नोंदवलेला असल्याने ‘मुख्यपृष्ठ तर शाबूत आहे’ ही सबब चालत नाही. लॉग 180 दिवस जपण्याची अटही त्याच निर्देशांत आहे. संकेतस्थळ एनआयसीच्या (केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) सर्व्हरवर असेल तर त्यांना त्याच वेळी कळवावे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार द्यावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली हा गुन्हा आहे. वरिष्ठांची मान्यता मिळेपर्यंत फाइल टेबलांवर फिरत राहिली तर सहा तास सहज निघून जातात. त्यामुळे कळवण्याचा अधिकार कोणाला आहे हे कार्यालयीन आदेशाने आधीच ठरवून ठेवावे.

घुसखोर कोणत्या वाटेने आला हे शोधणे हा या कामातील सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत आवश्यक भाग आहे. नागरिकांच्या तक्रारीसोबत किंवा निविदेसोबत फाइल जोडण्याची जी सोय असते, ती कोणत्याही प्रकारची फाइल स्वीकारत असेल तर तिथून पीएचपी प्रोग्राम चढवला जातो आणि सर्व्हरची सूत्रे बाहेरच्या माणसाकडे जातात. अशा प्रोग्रामला वेब शेल म्हणतात. संकेतस्थळ चालवणारे, पण वर्षानुवर्षे अद्ययावत न केलेले वर्डप्रेस किंवा जूमला हे सॉफ्टवेअर, त्याला जोडलेले आणि कोणी काढून न टाकलेले प्लगइन, करार संपलेल्या कंत्राटदाराचे अजून चालू असलेले खाते, या वाटाही नेहमीच्याच आहेत. विंडोजच्या आयआयएस सर्व्हरवर काही टोळ्या थेट सर्व्हरमध्येच एक बनावट मॉड्यूल बसवतात. ‘बॅडआयआयएस’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार आशियातील अनेक देशांत आढळला आहे. त्यात संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये काहीच सापडत नाही, म्हणून सर्व्हरवर बसवलेल्या मॉड्यूलांची यादी स्वतंत्रपणे तपासावी लागते.

दोन प्रकार असे आहेत की त्यांत सर्व्हरमध्ये कोणी शिरलेलेच नसते. बंद पडलेल्या योजनेसाठी किंवा जुन्या मोहिमेसाठी एक उपडोमेन (मुख्य पत्त्याखालचा वेगळा पत्ता) काढलेले असते आणि त्याची डीएनएस नोंद, म्हणजे तो पत्ता कोणत्या सर्व्हरवर जातो हे सांगणारी नोंद, एखाद्या क्लाउड सेवेकडे बोट दाखवत असते. ती सेवा सोडून दिली, पण नोंद तशीच राहिली, की दुसरा कोणीही ते नाव त्या सेवेत घेऊन शासकीय पत्त्यावर आपले पान चालवू शकतो. दुसऱ्या प्रकारात आपल्याच संकेतस्थळावरील ‘बाहेरच्या पानाकडे जा’ ही सोय दिलेला कुठलाही पत्ता न तपासता वाचकाला पुढे पाठवते, आणि त्या सोयीत सट्ट्याचा पत्ता भरून तो दुवा सर्वत्र पसरवला जातो. पहिल्यावर उपाय म्हणजे निरुपयोगी डीएनएस नोंदी काढून टाकणे. दुसऱ्यासाठी मान्य पत्त्यांची यादी करून तिच्याबाहेर कोठेही जाऊ न देणे.

साफसफाई करताना दिसतील तेवढी पाने काढून थांबू नये. घुसखोर सहसा एकाहून अधिक वेब शेल ठेवतो, फाइलींच्या तारखा मागच्या करून टाकतो आणि ठरावीक वेळाने काढलेली पाने पुन्हा तयार करणारे क्रॉनचे (सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालणारे) काम लावून ठेवतो. म्हणून नव्या सर्व्हरवर मूळ सॉफ्टवेअरची ताजी प्रत बसवून त्यात फक्त तपासलेला मजकूर आणणे हाच मार्ग मी सुचवेन. बॅकअप वापरायचा असेल तर तो शिरकावाच्या आधीचा आहे हे लॉगवरून ताडून पाहावे. प्रशासन खाते, डेटाबेस, एफटीपी आणि होस्टिंग यांचे सर्व पासवर्ड वेगळ्या, स्वच्छ संगणकावरून बदलावेत, अनोळखी खाती काढावीत आणि अपलोडच्या फोल्डरमध्ये कोणताही प्रोग्राम चालणार नाही अशी मांडणी करावी. काढलेल्या पानांच्या पत्त्यांवर सर्व्हरने 404 (पान सापडले नाही) किंवा 410 (पान कायमचे काढले) असे उत्तर द्यावे. त्यांना मुख्यपृष्ठाकडे वळवू नये, कारण मग ती गुगलच्या निकालांतून लवकर जात नाहीत. सर्च कन्सोलमधून पाने हटवण्याची विनंती केली तर ती सुमारे सहा महिनेच लागू राहते. तेवढ्या काळात मूळ काम पूर्ण झालेले असले पाहिजे.

देखभालीच्या पुढील करारात अद्ययावत करण्याची मुदत, लॉग जपण्याची जबाबदारी आणि करार संपताच खाती बंद करण्याची अट लिहून घ्यावी. सुरक्षा तपासणी सर्ट-इनच्या यादीतील लेखापरीक्षकाकडूनच करून घ्यावी, आणि संकेतस्थळात मोठा बदल झाला की ती पुन्हा करावी.

नागरिकाला असा दुवा सापडला तर त्याने पुढे क्लिक करू नये आणि तिथे मिळणारे अॅप फोनवर उतरवू नये. स्क्रीनशॉट घेऊन तो संबंधित कार्यालयाला आणि सर्ट-इनला पाठवावा. पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

संकेतस्थळ पुन्हा सुरू केल्यावर किमान तीन महिने दर आठवड्याला वरील शोध पुन्हा करावा आणि त्याची नोंद दिनांकासह ठेवावी. जुनी पाने निकालांत काही काळ रेंगाळतात, त्याने घाबरून जाऊ नये. परंतु पूर्वी न दिसलेला नवा पत्ता आढळला, तर कुठलीतरी वाट अजून उघडी आहे असे समजून संकेतस्थळ त्याच दिवशी पुन्हा बंद करावे आणि तपास लॉगपासून सुरू करावा.