जुने १९११ पिस्तूल: घेताना, चालवताना आणि विकताना

जुने १९११ पिस्तूल घ्यायला निघालेल्या माणसाने त्याच्या जन्माची एक अट आधी समजून घ्यावी, कारण पुढचे सगळे व्यवहार तिच्याभोवती फिरतात. जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी आखलेले हे पिस्तूल अमेरिकी लष्कराने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले. त्याआधीच्या चाचणीत दोन दिवसांत ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या, पिस्तूल फार तापले की ते पाण्यात बुडवून पुन्हा हाती घेतले जाई, आणि तरीही ते अडले नाही. पुढे वेगवेगळ्या कारखान्यांत ते तयार होऊ लागले तेव्हा लष्कराची अट अशी होती, की एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्या कारखान्याच्या पिस्तुलात कानस न लावता बसला पाहिजे. युद्धात हे वरदान ठरले. शस्त्रागारातल्या कारागिराने दहा पिस्तुले उघडावीत, भाग तेलात धुवावेत आणि हाताला येतील तसे पुन्हा जोडावेत, असे वर्षानुवर्षे चालले. म्हणूनच आज बाजारात येणाऱ्या नगांत फ्रेम (मुठीसह खालचा सांगाडा) एकाची, स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) दुसऱ्याची आणि नळी तिसऱ्याची असणे हीच सर्वसाधारण स्थिती आहे, आणि सगळे भाग मूळचे असलेला नग हा अपवाद.

परवान्याचे काम मात्र पिस्तूल पाहण्याच्याही आधीचे. शस्त्र शंभर वर्षांचे झाले म्हणून ते शोभेची वस्तू ठरते, असा अनेकांचा समज असतो. बहुतेक ठिकाणी कायदा तसे मानत नाही. आपल्याकडच्या कायद्यानुसार नळीचा हा व्यास, हा प्रकार आणि ही काडतुसे बाळगता येतात का, व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फतच करावा लागतो का, संग्राहकाचा आणि नेमबाजाचा परवाना वेगळा आहे का, हे संबंधित अधिकाऱ्यांकडून लेखी जाणून घ्यावे. फ्रेमवरचा क्रमांक खोडलेला किंवा पुन्हा कोरलेला दिसला तर किंमत विचारण्याच्याही भानगडीत पडू नये.

यानंतर स्वतःला विचारायचा प्रश्न असा, की हे पिस्तूल संग्रहात ठेवायचे आहे की रेंजवर चालवायचे आहे. दोन्ही करू, असे उत्तर सोपे वाटते, पण ते महागात पडते. सगळे भाग मूळचे असलेल्या नगासाठी जी जास्तीची रक्कम मोजावी लागते, ती त्याच्या न बदललेपणाची असते, आणि प्रत्येक गोळी त्यातले थोडे झिजवते. नेमबाजी करायची असेल तर सरळ जोडाजोडीचा, पण यंत्र म्हणून निरोगी असलेला नग घ्यावा. माझ्या मते नव्या माणसाने पहिले पिस्तूल असेच घ्यावे.

पिस्तूल हातात आल्यावर पहिली कृती एकच: मॅगझीन काढावे, स्लाइड मागे ओढून अडकवावी, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, डोळ्याने पाहावे आणि करंगळीने चाचपावे. विकणाऱ्याने समोरच हे केले असले तरी आपण पुन्हा करावे. जाणकार विक्रेत्याला त्यात अपमान वाटत नाही, उलट आपल्याविषयी त्याचे मत चांगले होते.

मग ओळख पटवायची. लुगर पिस्तुलात लहानसहान भागांवरही क्रमांकाचे शेवटचे आकडे असतात, त्यामुळे जुळणी सहज तपासता येते. १९११ मध्ये ही सोय नाही. बहुतेक लष्करी नगांवर क्रमांक फक्त फ्रेमवर असतो, म्हणून फ्रेमच्या क्रमांकावरून कारखाना आणि वर्ष काढावे लागते आणि उरलेला प्रत्येक भाग त्या वर्षाला शोभतो का, हे छापांवरून आणि घडणीवरून ठरवावे लागते. दुसऱ्या महायुद्धात कोल्ट कंपनीखेरीज टंकलेखन यंत्रे करणारी रेमिंग्टन रँड, शिकारीच्या बंदुका करणारी इथाका आणि रेल्वेचे सिग्नल करणारी युनियन स्विच अँड सिग्नल या कंपन्यांनीही ही पिस्तुले केली. शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीने तर जेमतेम ५०० नग केले, आणि नेमके म्हणूनच सिंगरचे नाव कोरलेली खोटी स्लाइड कुठेही भेटू शकते. रेमिंग्टन रँडच्या फ्रेमवर डाव्या बाजूला लष्करी तपासनीसाची ‘एफजेए’ ही आद्याक्षरे दिसावीत, युनियन स्विचच्या फ्रेमवर ‘आरसीडी’. स्लाइडवर एका कंपनीचे नाव आणि फ्रेमवर दुसऱ्या कंपनीच्या तपासनीसाचा छाप असेल, तर तो नग जोडाजोडीचा समजावा आणि किंमतही तशीच लावावी.

१९२० च्या दशकात या पिस्तुलात सुधारणा झाल्या आणि त्याला एम १९११ए१ हे नाव मिळाले. बोटाने ओढायचा चाप आखूड झाला, मुठीच्या मागची पट्टी सपाटऐवजी फुगीर झाली, ग्रिप सेफ्टीची, म्हणजे मुठीच्या मागच्या सेफ्टीची, शेपटी लांबली आणि चापाच्या मागे फ्रेमला दोन्ही बाजूंनी बोट सामावणारा उतार देण्यात आला. यातला उतार सर्वांत उपयोगी खूण आहे, कारण बाकीचे सगळे भाग पाच मिनिटांत बदलता येतात, पण फ्रेममधली कापलेली धातू परत भरता येत नाही. त्यामुळे आधी फ्रेम पाहावी, फुगीर पट्टी नंतर.

पृष्ठभागाचा मुलामा पाहण्यासाठी पिस्तूल खिडकीपाशी न्यावे आणि उजेड तिरका पडेल असे धरावे. मूळ मुलाम्यावर छापलेल्या अक्षरांच्या कडा धारदार दिसतात आणि ठशाच्या दाबाने अक्षराभोवती किंचित उचललेली धातू नखाला लागते. पॉलिश करून पुन्हा मुलामा दिलेल्या नगावर त्याच कडा विरघळलेल्या साबणासारख्या गोल होतात आणि पिनांची भोके बशीसारखी पसरट दिसतात. युद्धकाळातला फॉस्फेटचा राखाडी, मंद मुलामा झिजतो तेव्हा स्लाइडच्या पुढच्या कोपऱ्यांवर आणि मुठीच्या कडांवर आधी झिजतो. सगळीकडे सारखीच झीज असेल तर शंका घ्यावी. फ्रेमवर ‘एए’ किंवा ‘आरआयए’ अशी अक्षरे आढळली, तर ती ऑगस्टा आणि रॉक आयलंड शस्त्रागारांतल्या दुरुस्तीची खूण असते. काही संग्राहक अशा नगाकडे नाक मुरडतात. मला मात्र ती त्या पिस्तुलाच्या नोकरीतली प्रामाणिक नोंद वाटते. स्लाइड स्टॉपच्या, म्हणजे स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्याच्या, खाली फ्रेमवर धनुष्याकृती ओरखडा दिसेल, तो शत्रूचा नव्हे. कोणीतरी ती पिन घाईत बसवताना घासलेली असते, आणि हा ओरखडा नसलेले पिस्तूल विरळाच.

यंत्राची तपासणी विक्रेत्याची परवानगी घेऊन, पिस्तूल रिकामे असताना आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून करावी. घोडा, म्हणजे पिस्तुलाच्या मागचा ठोका मारणारा हातोडा, मागे ओढून अंगठ्याची सेफ्टी लावावी, चाप दाबून सोडावा, मग सेफ्टी काढावी; या साऱ्यात घोडा जागचा हलता कामा नये. नंतर मुठीची मागची सेफ्टी न दाबता चाप ओढून पाहावा. घोडा पडला तर ती सेफ्टी निकामी आहे. तिसऱ्या चाचणीत स्लाइड जराशी, साधारण पाव इंच मागे धरून चाप ओढावा; अशा वेळी घोडा सुटला तर डिस्कनेक्टर, म्हणजे स्लाइड पुरती बंद नसताना घोडा सुटू न देणारा भाग, झिजला आहे, आणि असे पिस्तूल दुरुस्तीखेरीज चालवणे धोक्याचे. नळी काढून आरपार पाहावे: जुन्या काडतुसांनी पाडलेले बारीक खड्डे चालून जातात, पण आत एखादे कडे किंवा सावलीसारखे वर्तुळ दिसले तर नळी कधीतरी फुगली आहे असे समजावे. स्लाइडच्या खाचांच्या कोपऱ्यांत भिंगातून तडे शोधावेत. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या स्लाइडना पुढच्या काळासारखी उष्णता देऊन कठीण केलेले नव्हते, त्यामुळे त्या मऊ असतात आणि तडकतात. असा नग कितीही देखणा असला तरी तो मी रोजच्या सरावाला वापरणार नाही.

आता चालवण्याविषयी. इथे सुट्या भागांची अदलाबदल पुन्हा आपल्या बाजूने उभी राहते. मूळ रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइडला परत पुढे ढकलणारी स्प्रिंग, काढून, तिला तेलाचे बोट लावून, चिठ्ठीसह पाकिटात ठेवावी आणि तिच्या जागी १६ पौंडांची नवी रिकॉइल स्प्रिंग बसवावी. थकलेली स्प्रिंग स्लाइडला फ्रेमवर आपटू देते आणि तडे तिथूनच सुरू होतात. मॅगझीनही नवेच वापरावे. पहिल्या महायुद्धाच्या काळातली दुरंगी मॅगझीने, ज्यांचा वरचा भाग कठीण करण्याच्या प्रक्रियेमुळे फिकट राहिलेला असतो, ती स्वतंत्रपणे विकली जाणारी वस्तू आहे, आणि रेंजवरच्या फरशीवर ती पडली की ओठ वाकतात. काडतूस .४५ एसीपी, २३० ग्रेन वजनाची गोल टोकाची गोळी, वेग सेकंदाला सुमारे ८३० फूट: ब्राउनिंग यांच्या पिस्तुलाला हाच खुराक मानवतो. जास्त दाबाची ‘प्लस पी’ काडतुसे जुन्या पिस्तुलात घालू नयेत, आणि पोकळ टोकाच्या गोळ्या जुन्या नळीच्या उतारावर अडकतात.

जुनी लष्करी काडतुसे स्वस्तात मिळाली म्हणून हुरळून जाऊ नये. दुसऱ्या महायुद्धातल्या काडतुसांच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळले की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरते, जे मिठासारखेच हवेतले पाणी ओढून घेते आणि एका रात्रीत गंज आणते. तेलाने ते निघत नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. अशी काडतुसे वापरलीच तर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवावी, पूर्ण कोरडी करावी आणि मगच तेल लावावे.

पहिल्या दिवशी मॅगझीनमध्ये सात नव्हे, दोनच काडतुसे भरावीत. घोडा रोखून धरणाऱ्या सिअर या भागाच्या झिजेमुळे एका चापात दोन गोळ्या सुटण्याचा दोष असेल, तर तो दोन काडतुसांवर कळलेला बरा. काडतूस नेहमी मॅगझीनमधूनच चढवावे. चेंबरमध्ये हाताने टाकून वर स्लाइड सोडू नये. या पिस्तुलाचा पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर पोलादाच्या लांब काडीसारखा असतो, आणि काडतुसाची कड खालून वर सरकत त्याच्या आकड्यात शिरावी अशी त्याची रचना आहे. कडेवरून उडी मारायला लावले की तो वाकतो किंवा तुटतो, आणि मग पुंगळ्या बाहेर पडेनाशा होतात. रिकाम्या चेंबरवरही स्लाइड सोडू नये, हाताने पुढे न्यावी.

कानांना आणि डोळ्यांना संरक्षण असल्याशिवाय रेंजवर उभेच राहू नये. हात मुठीवर जितका वर जाईल तितका झटका सरळ मागे येतो, पण मूळ १९११ ची शेपटी आखूड असल्याने मांसल हाताला घोडा चावतो. दोन-चार गोळ्यांनंतर अंगठ्याच्या बेचक्यात रक्त दिसले तर दोष नेमबाजाचा नसून हाताच्या ठेवणीचा आहे, पकड किंचित खाली घ्यावी. मनगट मात्र सैल सोडू नये, नाहीतर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुंगळी खिडकीत उभी अडकते. नळीच्या टोकाकडची नेम धरायची माशी इतकी बारीक असते की लक्ष्य धूसर दिसले तरी नजर माशीवरच रोखावी. आवाज नेहमीपेक्षा दबका आला आणि झटका जाणवला नाही, तर तिथेच थांबावे, पिस्तूल रिकामे करून नळीत गोळी अडकली आहे का ते पाहावे. पुढची गोळी झाडणे म्हणजे नळी फोडून घेणे. चाप ओढूनही काडतूस उडाले नाही, तर नळी लक्ष्याकडे ठेवून अर्धा मिनिट वाट पाहावी. जुन्या नगांत फायरिंग पिनला अडवणारा खटका नसतो, त्यामुळे भरलेले पिस्तूल नळीवर पडले तर ते उडू शकते. चेंबर भरलेले ठेवून ते नेण्या-आणण्याचा विचारच करू नये.

सफाईसाठी उघडताना नळीखालची टोपी अंगठ्याने घट्ट दाबून धरावी आणि मगच बुशिंग, म्हणजे नळीच्या तोंडाभोवतीचे कडे, फिरवावे. मी पहिल्यांदा उघडले तेव्हा अंगठा घसरला, टोपी छताला लागून परत आली आणि तासभर कपाटाखाली शोधावी लागली. डोळ्यावर चष्मा होता, हे नशीब.

विकायचे ठरले की पाकिटे बाहेर काढावीत आणि मूळ भाग जागच्या जागी बसवावेत. ब्रासो, सँडपेपर आणि मुलामा देणारी बाटली मात्र दूर ठेवावी. घासून चमकवलेले पिस्तूल संग्राहकाच्या दृष्टीने त्या क्षणी चालवण्यापुरते उरते, आणि ती चमक परत घालवता येत नाही. छायाचित्रे तिरक्या उजेडात, दोन्ही बाजूंची, सगळ्या छापांची आणि नळीच्या तोंडाची द्यावीत. दोष सर्वांत आधी दाखवावा. कोणता भाग बदललेला आहे, हे आपल्याला ठाऊक असेल तर लिहावे, नसेल तर “सगळे मूळ” असे शब्द वापरू नयेत. “आजोबांनी युद्धातून आणले” ही हकिगत कागदाशिवाय किमतीत धरली जात नाही. नागरी विक्रीच्या कोल्ट नगासाठी कारखान्याच्या नोंदीतून मिळणारे पत्र मात्र खरेच वजनदार असते, कारण त्यात पिस्तूल कधी आणि कुठे रवाना झाले ते येते. ग्राहकाचा परवाना पाहिल्याशिवाय आणि कायद्याने सांगितलेली नोंद झाल्याशिवाय ताबा देऊ नये, मग तो कितीही ओळखीचा असो. पिस्तूल रिकामे, मॅगझीन वेगळे, काडतुसे त्याच पेटीत नाहीत, अशा स्थितीत ते सोपवावे, आणि आपण किती गोळ्या झाडल्या व नवी स्प्रिंग कधी बसवली ते लिहिलेली चिठ्ठी त्या स्प्रिंगसह पेटीत ठेवावी.