शाळांपुढे आपला कला-उपक्रम कसा मांडावा?

एखादा चित्रकार किंवा नाट्यकर्मी शाळेत जाऊन ‘मी उत्तम कार्यशाळा घेतो’ एवढेच सांगतो, तेव्हा मुख्याध्यापक ‘बघू, कळवतो’ म्हणतात आणि विषय बहुधा तिथेच संपतो. त्यांना कलेचे वावडे असते असे नाही. हा उपक्रम कोणत्या तासिकेत बसवायचा आणि त्याचा खर्च कशातून करायचा, हे त्यांना कळलेले नसते. ते आपणच आधी ठरवून न्यावे.

सर्वप्रथम उपक्रम अभ्यासक्रमाशी जोडावा. वारली चित्रशैलीचे उदाहरण घेऊ. ‘आदिवासी कलेची ओळख’ हे शीर्षक ठीक आहे. परंतु वारली आकृत्या त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन यांतून उभ्या राहत असल्याने हाच उपक्रम पाचवीच्या भूमितीला आणि पालघर परिसराच्या ओळखीमुळे परिसर अभ्यासालाही जोडता येतो, आणि मग तो केवळ कलेच्या तासिकेपुरता राहत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला-एकात्मिक अध्ययनावर, म्हणजे कलेच्या आधारे इतर विषय शिकवण्यावर, भर आहे आणि सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना आहे. महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा शनिवारी कृती-उपक्रम घेण्याचा कार्यक्रम आहे. आपला उपक्रम यांपैकी कशात बसतो, ते प्रस्तावात नेमके लिहावे.

प्रस्ताव एका पानाचा असावा. इयत्ता, विद्यार्थिसंख्या, लागणारा वेळ, जागा, साहित्य कोण आणणार आणि शेवटी मुलांच्या हाती काय राहणार, एवढे त्यात पुरे. तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची आणि वर्गात पन्नास मुले असू शकतात, हे गृहीत धरूनच आखणी करावी. वीस मुलांसाठी रचलेली कार्यशाळा पन्नासांत रेटली की रंग सांडतात आणि पुढचे निमंत्रण येत नाही.

दर ठरवताना विद्यार्थ्यामागे शुल्क आकारण्यापेक्षा दिवसाचे मानधन आणि साहित्याचा खर्च वेगवेगळा दाखवावा, असे माझे मत आहे. विद्यार्थ्यामागे दर लावला, की पैसे न आणलेले मूल बाजूला बसते, आणि कलेच्या तासाला याहून वाईट सुरुवात नाही. संपूर्ण उपक्रम फुकट करून दाखवू नये. एका तासिकेचे प्रात्यक्षिक पुरेसे आहे.

आता कोणाला भेटावे? खासगी शाळेत मुख्याध्यापकांबरोबर संस्थाचालकांचाही होकार लागतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती महत्त्वाची. अनेक शाळांत एकदम काम करायचे असल्यास केंद्रप्रमुख (आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी) किंवा तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. मात्र ज्यांना हमखास विसरले जाते ते म्हणजे शाळेचे कलाशिक्षक. बाहेरचा कलाकार आपली जागा घ्यायला आला आहे, असे त्यांना वाटले तर प्रस्ताव कपाटातच राहतो. म्हणून त्यांना आखणीत सहभागी करून घ्यावे आणि कार्यशाळेनंतर त्यांना वर्गात पुढे चालवता येईल असा एखादा स्वाध्याय द्यावा.

भेटीची वेळही पाहावी. जूनमध्ये प्रवेशाची धांदल असते आणि मार्चमध्ये परीक्षांची. वार्षिक नियोजन होण्यापूर्वी, एप्रिलच्या आसपास, भेटलेले बरे. नाटक किंवा नृत्याचे उपक्रम स्नेहसंमेलनाच्या तयारीशी जोडायचे असतील तर दिवाळीपूर्वीच बोलणे पूर्ण करावे.

सोबत ओळखपत्राची प्रत आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला ठेवावा, वर्गात शिक्षक उपस्थित असावेत असे आपणहून सुचवावे, आणि मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी शाळेमार्फत पालकांची लेखी संमती घ्यावी. उपक्रम संपताच बिल आणि मुलांच्या कामाचे दोन-तीन नमुने शाळेकडे सुपूर्द करून मुख्याध्यापकांकडून शाळेच्या शिक्क्यानिशी अभिप्रायपत्र मागून घ्यावे, कारण शेजारच्या शाळेत रंगीत माहितीपत्रकापेक्षा तेच अधिक उपयोगी पडते.